वरच्या नटावरचा ठिपका

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसलो होतो. "काका, बाबा गेले. झोपेतच..." तिचे बाबा म्हणजे दत्ताराम, माझा गिरणीतला जोडीदार. सांगायला लाज वाटते, पण रडू येण्याआधी मला हायसं वाटलं. दोनच महिन्यांपूर्वी त्याच्याकडे जाऊन आलो होतो. तेवढंही झालं नसतं तर...

लालबागच्या गिरणीत आम्ही दोघे फिटर, माग दुरुस्त करायचो. आमच्या खात्यात रिवाज होता. काम झालं की नटावर टोकदार पंच ठेवून हातोडीने ठिपका मारायचा; एकट्याने केलं तर एक, जोडीने केलं तर दोन. आमचे कायम दोन असत. मग संप आला. वर्ष उलटलं, घरात बायको अंथरुणाला खिळलेली, आणि एका सकाळी मी मान खाली घालून कामावर गेलो. दत्ताराम गेटवर उभा होता. शिवी हासडली असती तर बरं झालं असतं, त्याने नुसतं तोंड फिरवलं. पुढे त्याने चिंचपोकळीला चाळीच्या जिन्याखाली सायकल दुरुस्ती सुरू केली, आणि मी तो रस्ताच सोडला. एकदा शेजाऱ्याच्या सायकलीवर त्याच्या हातचा ठिपका दिसला. एकच. फार लागला तो मला.

इतक्या वर्षांनी, या श्रावणात, सुनंदाकरवी निरोप आला, "पाना धरायला माणूस नाही. येतोस का?" गेलो. त्याने हौसेने जुनी सायकल बांधली होती. सांगाडा माझगावच्या भंगारातला, पुढचा चिमटा भलत्याच सायकलीचा, हँडल कुणा दूधवाल्याचं. ब्रेक दाबून हलवली की हँडलच्या बुडाशी खडखड. छर्रे नवे घातले, ग्रीस भरलं. छर्र्यांवरचा कप एकाने पान्याने धरायचा, वरचा नट दुसऱ्याने आवळायचा. मी मागाचा नट आवळावा तसा जीव खाऊन आवळला. हँडल जागचं हलेना.

"अरे, माग नाय हा," दत्ताराम हसला, "वळायला पायजे ना ती. जरा सोड."

सोडलं. संपाचं एक अक्षर दोघांनी काढलं नाही. मी मोरीत हात धूत होतो तेव्हा बाहेर हातोडी वाजली. येऊन पाहतो तर हँडलवर फडकं टाकलेलं. ते उचलायचा धीर मला झाला नाही. त्याने मनातून मला माफ केलं की फक्त पाना धरायला बोलावलं, हे न कळताच मी घरी आलो.

परवा सुनंदा म्हणाली, "काका, सायकल मीच चालवणार आहे. हँडल एकदा बघाल?" ब्रेक दाबला, पुढेमागे हलवून पाहिलं. खडखड नव्हती. मग फडकं काढलं आणि वरच्या नटावरचं ग्रीस अंगठ्याने पुसलं.

दोन ठिपके होते.

"सैल आहे का हो?" सुनंदाने विचारलं.

"नाही गं," म्हटलं, "नीट बसलंय." आणि तिथेच जिन्याच्या पायरीवर टेकलो.