एका कापडाच्या पाच पोरी

भर जत्रेत माझ्या आईनं माझा फ्रॉक काढला. पाठीची बटणं, एकेक करून. मी नऊ वर्षांची होते. भोवती माणसं उभी होती. कुणीही नजर दुसरीकडे वळवली नाही.

आई अमरावतीत एका वकिलाच्या घरी शिवणकाम करायची. त्यांना चार मुली. जत्रेला निघायचं म्हणजे चौघींना एकाच कापडाचे फ्रॉक. पिवळ्यावर लाल ठिपके. गर्दीत हरवू नयेत, मोजायला सोपं. वकिलाच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. उरलेल्या तुकड्यांकडे बोट करून ती आईला म्हणाली, "ने, तुह्या पोरीले होईन काहीतरी." आईनं सात तुकडे जोडून माझा फ्रॉक शिवला. जोड कुठे दिसत नव्हता, इतका तिचा हात चांगला.

कौंडण्यपूरच्या जत्रेला ते जीपनं गेले, आम्ही एसटीनं. पाळण्याजवळ मुलींच्या मामानं माझं मनगट धरलं. अकोल्याचा माणूस, भाच्यांना वर्षातून एकदा पाहणारा. तो चेहरे पाहत नव्हता, कापड पाहत होता. "चाल वं, जीपमंदी बस. बाकीच्या येऊन राहिल्या."

मी जाऊन जीपमध्ये बसले. खोटं कशाला बोलू? मला जावंसं वाटलं. त्यानं पेढा दिला. बाटलीतलं पाणी दिलं. मी तोंड लावून प्यायले.

मग काकू चौघींना घेऊन आली. मामानं मोजलं. पाच. तो हसला, "ताई, एक जास्त झाली ना!"

काकू हसली नाही. तिनं आधी बाटलीतलं पाणी मातीत ओतलं. मग मला खाली खेचलं. "कपडा सारका घातला म्हून जात सारकी व्हते काय?"

तोवर आई मला शोधत धावत आली. काकू सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, "आमचा कपडा चोरून पोरीले शिवला इनं! काढ तो. नाही तं उद्यापासून पायरी चढू नको."

"कपडा तुमीच देला व्हता, काकू," मी म्हणाले.

आईचे हात माझ्या बटणांकडे गेले.

दुसऱ्या दिवशी काकूचा निरोप आला. पोरीनं पाया पडून चोरी कबूल करावी, मग काम राहील.

"जा माय, पड पाया. पोटासाठी," आई म्हणाली.

"मी नाई जात."

तिनं मला लाटण्यानं मारलं. मी गेले नाही. काम गेलं. आम्ही अकोल्याला गेलो, तिथल्या डाळमिलमध्ये आई पोत्यांची तोंडं शिवू लागली. तिचा तो हात सुतळीनं सोलला. तो मी सोलला, असं ती आजही म्हणते. खरं आहे. पण मी पाया पडले असते, तर आई चोर ठरली असती. माझ्या तोंडून.

काकू आता अंथरुणावर आहे. म्हातारी झाली ती, भेटून ये, असा आईचा हट्ट. मी जाणार नाही. मी हे छापते आहे. वकिलाच्या गल्लीत घरोघर वाटणार आहे. चोरी झाली नव्हती. कापड तिनं दिलं होतं. ती मरायच्या आत हा कागद तिच्या हातात पडला पाहिजे.