स्फोटक वातावरणाची चौकशी

आमच्या कारखान्याला कारखाना म्हणायचं म्हणजे जरा जास्तच होतं. नॉटिंगहॅमच्या बाहेर एका बाजूला टायरवाला आणि दुसऱ्या बाजूला बाथरूमच्या टाइल्सवाला, त्यांच्यामध्ये पत्र्याचं एक युनिट आहे. तिथे आम्ही थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि लाडवांची पिठं करतो. मी भाजते. धान्य कढईत घालायला, हलवायला दुसऱ्या बायका आहेत; मी वास घेऊन "बास" म्हणायचं. घरी एकटी बसून टीव्हीशी बोलायला लागले होते, म्हणून मुलीनेच मागे लागून मला इथे चिकटवलं. आता सत्तरी उलटून गेल्यावर पगार घेते, आणि टीव्हीला विश्रांती मिळाली आहे.

हे सगळं उभं केलं ते आमच्या मालकीणबाईने. पुण्याची पोरगी, इथे कॉम्प्युटरच्या कामाला आली, मग ते सोडून घरच्या ओट्यावर भाजणी करून विकायला लागली. तिच्या नवऱ्याची मोठी बहीण, म्हणजे तिची नणंद, पॅकिंग आणि ऑफिस बघते. नणंदबाईंचा जन्म इथलाच. मराठी बोलतात, अगदी हौसेने बोलतात, पण त्यांच्या मराठीत टेबल बाई असतं आणि खुर्ची पुरुष. आम्हाला सवय आहे. अर्थ कळला की झालं.

पूर्वी आम्ही भाजून दळायला लेस्टरला पाठवायचो. तिथून पीठ कधी मैद्यासारखं यायचं, कधी त्याला मिरचीचा वास. मग गणपतीच्या सुमारास मालकीणबाईने स्वतःची गिरणी आणली आणि पॅकिंगच्या बाजूलाच, पडदा लावून, बसवली. काय सांगू, आपली भाजणी, आपलं दळण! पहिल्या दिवशी तिने गिरणीला कुंकू लावलं. आणि त्याच दिवसापासून नणंद-भावजयांचं बिनसलं. नणंदबाईंचं म्हणणं, गिरणी नको, परत लेस्टरला पाठवा. मालकीणबाईचं म्हणणं, गिरणी जाईल तर मीही जाईन. दोघी एकाच गाडीतून यायच्या आणि उतरताना दारं अशी आपटायच्या की शेजारचा टायरवाला बाहेर येऊन बघायचा.

मग दिवाळीच्या तोंडावर इन्शुरन्सवाल्यांनी एक साहेब पाठवले. गिरणीची खोली बघून ते सांगणार, की ती चालू ठेवायची का नाही. ते नाही म्हणाले तर इन्शुरन्स नाही, आणि इन्शुरन्स नाही तर युनिटचा मालक आत दळू देणार नाही. ऑर्डरी तर सगळ्या घेऊन ठेवलेल्या. मालकीणबाई सकाळपासून काही खात नव्हती.

साहेब उंच, हळू बोलणारे, पायात जाडजूड बूट. इथलेच होते, कारण मला आल्याआल्या "डक" म्हणाले. इथे बाईमाणसाला प्रेमाने बदक म्हणतात, त्यात वाईट काही नाही. नणंदबाईंनी त्यांना पडद्याआड नेलं. जरा वेळाने त्या एकट्याच बाहेर आल्या.

"काकू, ते म्हणतात इथली वातावरण स्फोटक आहे."

मी कढईवरून मान वर केली. "पहिल्याच दिवशी कळलं त्यांना?"

"हो ना. ते एक्सपर्ट आहे. आता तुम्हाला प्रश्न विचारणार, तुम्ही दिवसभर इथे असता म्हणून. काही लपवू नका, सगळा खरं सांगा." आणि डिलिव्हरीची व्हॅन आली म्हणून त्या दाराकडे पळाल्या. मालकीणबाई आधीच तिथे सामान उतरवून घेत होती.

आता तुम्हीच सांगा. मी रोज फोनवर मराठी पेपर वाचते. गावात दोन गट हमरीतुमरीवर आले की पेपरात काय येतं? वातावरण स्फोटक. पक्षाच्या बैठकीत खुर्च्या उडाल्या की काय येतं? वातावरण स्फोटक. माझ्या मनात दुसरा विचारच आला नाही. म्हटलं, इंग्रज लोक किती पुढारलेले, नणंद-भावजयांचं भांडणसुद्धा इन्शुरन्समध्ये धरतात. आणि आपण मध्ये पडून चार चांगले शब्द सांगितले, तर साहेब दोघींना समजावतील.

साहेबांनी पेन काढलं. मला इंग्रजी समजतं, बोलताही येतं, फक्त वाक्यं आखूड असतात.

"हे इथे कधीपासून आहे, डक?"

"मशीन आलं तेव्हापासून," मी म्हणाले. "मशीनवरूनच सगळं."

"अर्थात," ते म्हणाले. "सतत असतं, की अधूनमधून?"

"सकाळी असतंच असतं. जेवणानंतर जरा बसतं."

"खाली बसतं?"

"हो, बसतं. पण कोणी जरा हलवलं की परत उठतं."

साहेबांना माझं उत्तर फार आवडलं असावं. असं कोणी नेमकं सांगत नाही, म्हणाले. मलाही हुरूप आला.

"आणि कुठे? फक्त त्या पडद्याआड?"

"छे हो. पॅकिंगच्या टेबलाजवळ जास्त. आणि ऑफिसमध्ये तर विचारू नका. दार लावलं की आत नुसतं दाटतं."

"ऑफिसमध्ये?" त्यांचं पेन थांबलं.

"ऑफिसमध्ये. गाडीतही असतं. घरीसुद्धा नेतात."

"कपड्यांवरून जात असेल," ते स्वतःशीच म्हणाले. मला काही ते कळलं नाही, पण मी मान डोलावली. मोठ्या माणसांशी बोलताना मान डोलावलेली बरी.

"आता हे महत्त्वाचं," ते म्हणाले. "ठिणगी कशाने पडू शकते?"

"कशानेही पडते. परवा चमच्यावरून पडली."

"स्टीलचा चमचा?"

"स्टीलचाच. दोनदा पडली."

"देवा. मग तुम्ही काय केलंत?"

"मी काय करणार? किटली लावली. चहा केला."

साहेब माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिले की मला वाटलं, यांना माझं धैर्य फार आवडलं.

त्यांनी लगेच सगळ्यांना बोलावलं. आधी गिरणीचं बटण बंद केलं, मग दिवे, मग किटलीची वायर स्वतःच्या हाताने काढून घेतली. आणि म्हणाले, परिस्थिती त्यांना वाटली होती त्याहून खूप गंभीर आहे. नुसती गिरणीची जागा नाही, तर पॅकिंग, ऑफिस आणि गाडी, सगळंच धोक्याच्या विभागात धरावं लागेल. सगळं नीट होईपर्यंत युनिट बंद.

मालकीणबाई मटकन धण्याच्या पोत्यावर बसली. "बंद? दिवाळीला?"

नणंदबाईंना खरं म्हणजे गिरणी बंद झालेली हवी होती, पण ऑफिस म्हणजे त्यांची जागा. त्या चवताळल्या. "माझ्या ऑफिसमध्ये पीठ? चला, दाखवते." आणि साहेबांना हाताला धरून नेलंच. साहेबांनी खिडकीच्या कडेवरून बोट फिरवलं. कॉम्प्युटरच्या मागे फिरवलं. कपाटावर तर टाचा उंचावून फिरवलं. बोट आपलं स्वच्छ.

"पण या बाईंनी सांगितलं, दार लावलं की आत दाटतं," साहेब म्हणाले.

सगळे माझ्याकडे वळले. भाजणाऱ्या बायकासुद्धा, झारे हातात घेऊन.

"काय दाटतं, काकू?" मालकीणबाईने विचारलं.

"अगं," मी म्हणाले, "मी पिठाचं कुठे सांगत होते? मी तुमचं सांगत होते. दोघींचं."

नणंदबाईंनी साहेबांना ते इंग्रजीत सांगितलं. सांगता सांगता त्यांचे कान लाल होत गेले. साहेबांनी आपला कागद वाचला, परत वाचला, मग चष्मा काढून पुसला. "म्हणजे तो चमचा..."

"चमचा कुठे ठेवायचा, यावरून," मी म्हणाले.

त्या माणसाचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं खोकतात. मग भिंतीला टेकून हसले. पण आमच्यात कोणी हसलं नाही. मालकीणबाई मला म्हणाली, "घरची भांडणं बाहेर सांगता, काकू?" आणि नणंदबाई म्हणाल्या, "गाडीतला पण सांगितला!" गणपतीपासून पहिल्यांदाच त्या दोघी एका बाजूला होत्या, आणि समोर मी.

साहेबांनी ऑफिस, पॅकिंग, गाडी, सगळ्यांवर काट मारली. पण गिरणीवर मारली नाही. ती बंदच. आम्हाला पडद्याआड नेऊन त्यांनी वरच्या पाइपवर टॉर्चचा झोत टाकला. पाइपवर पिठाचा थर साचलेला, मऊ, बोटभर. ते म्हणाले, हे पीठ जमिनीवर असतं तेव्हा निरुपद्रवी. हवेत दाट उडालं आणि तेवढ्यात ठिणगी मिळाली, की बंदुकीच्या दारूसारखं पेटतं. छप्पर जातं. साधं पीठ! मी जन्मभर कणीक मळत आले, तिने कधी डोळेसुद्धा वटारले नाहीत. म्हणून अशा जागी काय वापरायचं याचे नियम असतात. साधा व्हॅक्युम चालत नाही, साधा पंखा चालत नाही. षटकोनात 'ई एक्स' असा शिक्का असलेलंच यंत्र लागतं. ते नियम मुळात युरोपचे.

"पण आपण तर युरोपातून बाहेर पडलो ना?" मी विचारलं.

"ते पिठाला अजून कोणी कळवलेलं नाही, डक," साहेब म्हणाले.

ते परत कधी येणार ते सांगून गेले. तोवर जागा सुधारली तर गिरणी चालू, नाहीतर कायमची बंद. ते गेल्यावर नणंदबाई म्हणाल्या, "मी पहिल्या दिवशी तेच सांगितला होता."

"काय सांगितलंत?" मालकीणबाई उठून उभीच राहिली. "घाण म्हणालात तुम्ही! कुंकू लावून दोन मिनिटं झाली नव्हती, आणि 'तुझा गिरणी घाण आहे' म्हणालात. माझ्या आईने फोनवर ऐकलं ते."

"घाणच म्हणणार ना! सगळा पाइपवर, माझ्या केसात, नाकात. इट वॉज सो डस्टी. मला भीती वाटला. डस्टीला दुसरा काय म्हणतात?"

मी विचार करत राहिले, धूळ म्हणावं तर ती रस्त्यावरची.

"पीठ उडतं," मी म्हणाले. "एवढंच म्हणायचं. पीठ उडतं."

"बस? पीठ उडतं?" नणंदबाईंचे डोळे भरून आले. "एवढं मला येत होता! दोन्ही शब्द येत होता!"

मालकीणबाई परत पोत्यावर बसली. तिने सरकून नणंदेला जागा करून दिली. मग दोघी मिळून मला बोलल्या, बराच वेळ बोलल्या. मी ऐकून घेतलं. चहा करावा म्हटलं, तर साहेबांनी काढलेली किटलीची वायर कुणाला सापडेना.

पुढची सगळी धावपळ नणंदबाईंची. मागे सामानाची खोली होती ती रिकामी करून गिरणी तिथे नेली, खरं दार बसवलं. पीठ ओढून घेणारं यंत्र आणि शिक्क्याचा व्हॅक्युम आणला. तो आमच्या जुन्यापेक्षा चौपट जड आहे आणि ढकलताना म्हशीसारखा अडून बसतो. धान्यात खिळा-बिळा असेल तर धरायला लोहचुंबक लावलं. मलाही नियम आला: भाजलेलं धान्य पूर्ण गार झाल्याशिवाय दळायला द्यायचं नाही. मी म्हटलं, कोमट दळलं तर वास चांगला येतो. नणंदबाई म्हणाल्या, "काकू, छप्पर गेल्यावर वास कुठून येणार?" हल्ली परातीत पसरून ठेवते आणि वारा घालते.

साहेब परत आले तेव्हा मालकीणबाई दाराबाहेर पदर पिळावा तसा एप्रन पिळत उभी होती. त्यांनी पाइप बघितले, दिवे बघितले, व्हॅक्युम उलटा करून त्याचा शिक्का बघितला. या वेळी मला एकही प्रश्न विचारला नाही. मग बाहेर येऊन म्हणाले, "दळा."

मालकीणबाई बटणाकडे धावली, तर नणंदबाई आडव्या. आधी सगळ्यांचे फोन बाहेर. मी ब्लाउजमधला काढून दिला. मगच गिरणी सुरू झाली. आम्ही दाराबाहेर घोळका करून आवाज ऐकत उभ्या. पीठ आलं तेव्हा मालकीणबाईने चिमूटभर बोटांत चोळलं.

"जाड आहे, ताई. अजून बारीक हवं."

"बारीक केला की जास्त उडतं. साहेबांनी सांगितला."

"थालीपीठ लोकांनी खायचं का साहेबांनी?"

"तू मला शिकवू नको, वहिनी—"

आवाज चढायला लागले. साहेब बुटाचे बंद बांधत होते, त्यांनी नुसती भुवई वर केली. मी पुढे झाले, पीठ जिभेवर ठेवलं. भाजणी जाडच हवी, नाहीतर थालीपीठ चामड्यासारखं होतं. तसं मी सांगितलं. मालकीणबाईने परत चोळून बघितलं, वास घेतला, आणि पुढचं पोतं ओढायला गेली. नणंदबाईंनी पोत्याचं दुसरं टोक धरलं.