पदकाची मागची बाजू

माझ्या मावशीचं सगळं आयुष्य खोट्या दागिन्यांच्या दुकानात गेलं, पण तिच्या स्वतःच्या गळ्यात कधी एक मणी दिसला नाही. गिऱ्हाइकं विचारायची, "बाई, तुम्ही काहीच कसं घालत नाही?" ती म्हणायची, "दिव्याखाली अंधार." खरं कारण साधं होतं. तिच्या कातडीला खोटा धातू चालायचा नाही. साधी मुलाम्याची साखळी थोडा वेळ गळ्यात राहिली तरी लालभडक पुरळ उठायचं आणि मग कित्येक दिवस ती मान वाकडी करून फिरायची. खऱ्याची ऐपत नाही आणि खोटं सोसत नाही, म्हणून गळा मोकळा.

दुकान म्हणजे दोन इमारतींमधली फट होती. एका भिंतीला पुठ्ठ्यांवर टोचलेली कानातली, दुसऱ्या भिंतीला आरसा, आणि मधे दोन बायका कशाबशा उभ्या राहतील एवढी जागा. तिसरी आत आली की पहिलीला काहीतरी विकत घेऊन बाहेर पडावंच लागायचं. मावशी विकताना मात्र खोटं बोलायची नाही. "काळं पडणार नाही ना?" असं कोणी विचारलं की म्हणायची, "पडणार. तुम्हीआम्ही उन्हानं पडतो, मग हे काय!" गिऱ्हाईक पर्स उघडेपर्यंत ती दागिना पालथा करून मागच्या बाजूला बिनरंगी नेलपॉलिशचा एक हात फिरवायची. त्यानं कातडी वाचते आणि मुलामाही जरा जास्त टिकतो. "पुढची बाजू लोकांसाठी, मागची आपल्यासाठी," असं तिचं म्हणणं. लहानपणी ती मला जवळ घ्यायची तेव्हा तिच्या बोटांना त्या पॉलिशचा वास यायचा. मला तो फार आवडायचा.

आता पदकाचं सांगते. वाडवडिलांची म्हणावी अशी आमच्या घरात एकच वस्तू होती, आजीचं पदक. पानाच्या आकाराचं, मधे हिरवा खडा, वर बारीक साखळी. आजी गेली तेव्हा ते थोरलीकडे, म्हणजे माझ्या आईकडे आलं. त्या वेळी नात्यातली कोणीतरी बाई हसत म्हणाली होती, "धाकटीला काय कमी? तिच्याकडे अख्खं दुकान आहे." मावशीही तेव्हा सगळ्यांबरोबर हसली होती.

पदकाबरोबर गोष्टही आली होती आणि ती सांगताना आई कधी थकली नाही. आई लहानपणी लंगडायची. पायाचं ऑपरेशन करायचं ठरलं तेव्हा आजोबा हयात नव्हते. घरातलं कपाट गेलं, शिलाई मशीन गेलं, रेडिओ गेला. "पण माझ्या आईनं पदक मोडलं नाही," आई म्हणायची. "सगळं गेलं तरी एक गोष्ट सोडायची नसते." पाय बरा झाला, इतका बरा की आई पुढे शाळेत खेळ शिकवायला लागली. रस्त्यानं ती अशी चालायची की आम्ही दोघी बहिणी मागून धावत असायचो. कोणी नापास झालं, कोणाची नोकरी सुटली, की ती गळ्यातल्या पदकावर हात ठेवून हीच गोष्ट पुन्हा सांगायची. आम्हाला ती पाठ होती, तरी दर वेळी थोडा धीर यायचाच.

ते पदक खोटं होतं. मला हे फार उशिरा कळलं, पण तुम्हाला आधीच सांगून टाकते. ऐकणाऱ्याला अंधारात बसवून मग एकदम दिवा लावायचा, हा प्रकार मला आवडत नाही. मावशीला ते पहिल्यापासून ठाऊक होतं आणि ताईला, म्हणजे माझ्या आईला, कळू देणार नाही असा शब्द तिनं आजीला दिला होता. आई दर वर्षी पदक तिच्या हातात द्यायची, "जरा उजळून आण गं." मावशी ते मुलामा देणाऱ्या कारागिराकडून नवं करून आणायची आणि मागून पॉलिशचे हात द्यायची. आई ते उजेडात धरून म्हणायची, "बघा, याला म्हणतात जुनं सोनं! तेज तसूभर कमी नाही." मावशी मान डोलवायची.

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं आणि आईच्या डोक्यात न्यायाचं भूत शिरलं. मुली दोन, पदक एक. "मोडूया आणि दोघींना कानातली करूया," तिनं जाहीर केलं. मावशी तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात बसून मटार सोलत होती.

"मोडू नको ताई," ती म्हणाली.

"का?"

"आईचं आहे."

"माझीपण आईच होती ना ती? आणि मुलींकडेच तर जाणार आहे."

"सोनाराचा काय भरवसा? वितळवताना वजनात घट धरतात, हातचलाखी करतात."

"समोर बसून वितळवून घेईन. बघते कसा फसवतो ते."

मावशीची झाली पंचाईत. इकडे आड, तिकडे विहीर. सांगावं तर आजीला दिलेला शब्द मोडतो आणि आईनं ज्या गोष्टीवर जन्म काढला ती गोष्टही मोडते. न सांगावं तर सोनार भट्टीपुढे बसून चारचौघांत सांगणार. ती नुसती शेंगा सोलत राहिली आणि आईच्या नाकावर राग तर कायमच बसलेला.

"मग सरळ सांग ना," आई म्हणाली. "तुला मिळालं नाही म्हणून माझ्या मुलींनाही मिळू नये, असंच ना?"

मावशीनं हातातली शेंग सोलून संपवली, दाणे पातेल्यात टाकले आणि शांतपणे म्हणाली, "हो, तसंच समज. मला हवंय ते. इतकी वर्षं तुझ्याकडे राहिलं, आता मला दे."

आई उठली, गळ्यातलं पदक काढलं आणि पातेल्याशेजारी ठेवलं. "घे. एवढी हाव तुझ्या पोटात होती हे मला माहीत नव्हतं."

मावशीनं पदक रुमालात गुंडाळलं, टरफलं गोळा केली, ओटा पुसला आणि ती गेली.

दोघींचा अबोला काही फार टिकला नाही. बहिणीवाचून आईचं पानही हलायचं नाही. लग्न जवळ आलं तसा तिनंच फोन केला, "पदक घालून ये हो लग्नाला. नुसतं डबीत कोंडायला मागून घेतलंस का?" अर्धा टोमणा होता, अर्धी माया.

लग्नाच्या आदल्या दुपारी बहिणीच्या केसांच्या पिना आणायला मी दुकानात गेले. मावशी पदक पालथं ठेवून त्याला नेलपॉलिश लावत होती.

"सोन्याला कशाला हे?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी त्या दुकानात लहानाची मोठी झालेली, मला काय थापा मारणार? तिनं मला स्टुलावर बसवलं आणि पदक खोटं असल्याचं आणि आजीला दिलेल्या शब्दाचं सांगितलं.

"मग उद्या घालूच नकोस," मी म्हणाले. "पुरळ उठलं की आईला क्षणात कळेल."

"मागून घेतलं आणि घालत नाही, मग तर कळेलच. झाकली मूठ सव्वा लाखाची. एक दिवसाचा तर प्रश्न आहे."

"आणि साखळी? तिच्या कड्यांना कुठं कुठं लावशील?"

"सोसेन," ती म्हणाली आणि ब्रश पुन्हा बाटलीत बुडवला.

लग्नाच्या दिवशी आईनं स्वतःच्या हातानं तिच्या गळ्यातली साखळी नीट केली. "शोभतंय तुला," म्हणाली आणि डोळे पुसले. मावशीनं भर उकाड्यात शाल लपेटली होती. कोणी विचारलं तर सर्दी झाल्याचं सांगत होती. माझं लग्नात लक्षच नव्हतं. जेवणं होईपर्यंत ती पंख्याखालून हलली नाही आणि कोणी मिठी मारायला आलं की एक पाऊल मागे सरायची. मी एकदा जवळून विचारलं, "फार आग होते का?" ती म्हणाली, "तू फोटोसाठी जा."

घात फोटोनंच केला. आईनं दोघी बहिणींचा फोटो काढायचा हट्ट धरला. फोटोग्राफर म्हणाला, "शाल जरा काढता का? पदक दिसू दे." आईनंच हसत शाल ओढली.

मावशीच्या गळ्याभोवती साखळीचा लालभडक वेढा उठला होता. पदकाखाली, जिथं पॉलिश लागलं होतं, तेवढीच कातडी स्वच्छ होती.

"चिंता नको, फोटोत घालवता येतं ते," फोटोग्राफर म्हणाला.

आईनं मावशीचा हात धरला आणि तिला कपडे बदलायच्या खोलीत नेलं. मी पाणी घेऊन मागोमाग गेले. आईनं साखळी काढली, पदक पालथं केलं आणि नखानं खरवडलं. पॉलिशचा पातळ पापुद्रा निघून तिच्या नखाला चिकटला.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"तुझ्या ऑपरेशनपासून," मावशी म्हणाली. "तू हॉस्पिटलात होतीस. मी आईचं बोट धरून सोनाराकडे गेले होते. आईनं पदक काढून दिलं तेव्हा मी भोकाड पसरलं. मग ती मला दुसऱ्या एका दुकानात घेऊन गेली आणि तिथून तस्संच पदक गळ्यात घालून बाहेर आली. मला वाटलं, गेलेल्या वस्तू परत देणारं दुकान आहे हे. मोठी झाल्यावर म्हणूनच तिथं नोकरी मागितली. आई म्हणाली होती, ताईला सांगू नको, तिला त्या पायाचं ओझं वाटेल."

आई स्टुलावर बसली. पाय लांब करून घोट्यावरच्या जुन्या टाक्यांकडे बघत राहिली. "आणि मी जगाला सांगत सुटले की आईनं ते सोडलं नाही. तिनं तर पहिलं तेच सोडलं. माझ्यासाठी." मग ती रडली, अगदी लहान मुलीसारखी मोठ्यानं. "आणि तुला मी काय काय बोलले गं!"

"बोललीस खरी."

"मग तोंडाला कुलूप का लावलंस?"

"तुझी गोष्ट होती ना ती," मावशी म्हणाली. "मला आवडायची."

आईनं नाक पुसलं, रुमाल पाण्यात बुडवला आणि मावशीच्या गळ्यावर ठेवला. शाळेत पोरांचे फुटलेले गुडघे पुसणारे हात ते, पण मी त्यांना इतकं हळू कधी पाहिलं नव्हतं. "खाजवू नकोस," ती दटावत होती आणि मधेमधे पुरळावर फुंकर घालत होती. मग तिनं पदक उचललं आणि स्वतःच्या गळ्यात घातलं.

"ताई, अगं, आता कशाला ते..."

"माझ्या कातडीला चालतं," आई म्हणाली आणि ताडताड चालत हॉलमध्ये गेली.

दारातच विहीणबाई भेटल्या. त्यांनी पदक हातात घेऊन कौतुकानं निरखलं. "किती सुरेख हो! जुनं सोनं दिसतंय." मावशी आणि मी दारातच थबकलो. आईनं नेहमीसारखा पदकावर हात ठेवला.

"नाही हो, हे माझ्या बहिणीनं जपलेलं आहे," ती म्हणाली. "सोनं माझ्या आईनं माझ्या पायात घातलंय."

विहीणबाईंनी गोंधळून खाली पाहिलं. आईच्या पायांत नेहमीच्या सपाट चपला होत्या.