सोय आणि एस्तोय

मागच्या दारात उभं राहायचं. दोन्ही हात पुढे करायचे. बाई वाकून ते हुंगायच्या. आधी तळवे, मग बोटांच्या बेचक्या. मग म्हणायच्या, "एस्ता सूथ्या." आणि पायरीवरच्या तांबड्या साबणाकडे बोट दाखवायच्या. हे रोज.

पहिल्या दिवशी कारखान्यातले दुभाषे शेजारी उभे होते. आपलेच, मराठी, कडक इस्त्रीचा सदरा घातलेले. बाई काय म्हणाल्या, मी विचारलं. ते म्हणाले, "तू घाण आहेस म्हणतात. जा, धुऊन ये."

मी तेव्हा पंधरा वर्षांची. भाईंदरच्या जुन्या कोळीवाड्यातली. साठीचं दशक सरत आलं होतं आणि गोडदेवच्या वाटेवर अजून मिठागरंच होती. तिथल्या एका बंगल्यात हे स्पॅनिश कुटुंब राहायला आलं. साहेब धाग्याच्या कारखान्यात नवी यंत्रं बसवायला आलेले. सोबत बाई आणि आठ वर्षांची मुलगी, पिलार. केर, भांडी आणि पिलारला सांभाळणं, हे माझं काम. पहाटे आईबरोबर खाडीवर म्हावरं निवडायचं आणि तिथूनच कामावर जायचं. अंगाला वास यायचाच. तो काय लपून राहतोय?

पिलारला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. पण पोरींना बोलायला भाषा लागत नाही, नंतर ती आपोआप येते. दुपारी बाई झोपल्या की पिलार माझी मास्तरीण व्हायची. एकदा तिचं सूप निवलं. ती म्हणाली, सूप थंड, एस्ता. मग बर्फाच्या पेटीकडे बोट केलं. बर्फ थंड, एस. मला कळेना. तिनं सूप चुलीवर ठेवायला लावलं. वाफ आल्यावर म्हणाली, बघ, गेलं. बर्फाचं थंडपण जात नाही, ते त्याचंच.

मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाली, "सोय पिलार." मी पिलार आहे. मग जमिनीवर लोळून, जीभ बाहेर काढून म्हणाली, "एस्तोय कान्सादा." मी दमलेय. दमणं झोपल्यावर उतरतं. नाव उतरत नाही. म्हणून त्याला सोय. दुसऱ्याबद्दल बोलताना एस आणि एस्ता, स्वतःबद्दल सोय आणि एस्तोय.

मला इतका आनंद झाला की मी तिचा मुका घेतला. बाई रोज एस्ता म्हणत होत्या. म्हणजे मी घाण नव्हते, फक्त तेवढ्यापुरती घाण झालेली. निघणारी. दुभाष्यांनी मला बर्फ करून ठेवलं होतं, बाईंनी नाही. बाई चांगल्या आहेत, असं मी मनाशी ठरवून टाकलं. तेव्हाच्या त्या पोरीची, म्हणजे माझीच, आज मला चीड येते.

दुसऱ्या दिवसापासून मी म्हावऱ्याला हात लावायचं सोडलं. आई टोपलीपाशी बसून माझ्याकडे बघतच राहिली.

"म्हावऱ्याला हात न्हाय लावीत? मंग खाशील काय?"

"मी खाणार पण न्हाय," मी म्हणाले.

 माझ्या वाटची टोपलीही आईनंच निवडली. तिच्या पाठीत तेव्हा उसण भरलेली असायची. ते मला दिसत होतं, तरी मी हात लावला नाही. लिंबू, राख, तांबडा साबण. हाताची सालं निघाली, बोटांना चिरा पडल्या. पण वास गेला. महिनाभरानं बाई हात हुंगून नुसत्याच आत जायला लागल्या. मी हवेत होते.

मग एका दुपारी बाईंकडे त्यांच्याच देशाची पाहुणी आली. मी कॉफीचा ट्रे ठेवला. पाहुणीनं माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं. बाई हसून सहज म्हणाल्या, "एस सूथ्या, पेरो त्राबाखा ब्येन." घाणेरडी आहे, पण काम चांगलं करते.

एस.

एस्ता नाही. एस. मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. माझ्या हाताला तेव्हा कसलाही वास नव्हता.

संध्याकाळी दुभाषे साहेबांचे कागद घ्यायला आले. मी त्यांना फाटकापाशी गाठलं. एस सूथ्या आणि एस्ता सूथ्या, यात फरक आहे ना? ते दचकले. माझ्या तोंडून ते शब्द त्यांना चालले नसावेत. म्हणाले, "एकच ते. तुला काय करायचंय?"

त्यांना फरक ठाऊक होता. ती भाषा ते शिकून आले होते. माझ्यासाठी तो फरक ठेवायची त्यांना गरज वाटली नाही, एवढंच.

सकाळी मागच्या दारात बाई आल्या. मी हात पाठीमागे बांधले. रात्रभर घोकलेलं वाक्य म्हणाले. "नो सोय सूथ्या."

मी घाण नाही. कधीच नव्हते. जन्मात एकच वाक्य मी इतकं तोलूनमापून बोलले होते.

बाईंच्या कपाळावर आधी आठी पडली, मग त्या प्रेमानं हसल्या. बोट हलवत म्हणाल्या, "नो एस्तोय." त्यांनी माझं व्याकरण सुधारलं. आज मी धुऊन आलेय, असं मला म्हणायचं असणार आणि अडाणी पोरीचा शब्द चुकला असणार, असं त्यांना वाटलं.

"नो सोय," मी म्हणाले.

"नो एस्तोय," त्या म्हणाल्या, सावकाश, लहान मुलाला शिकवतात तशा.

साहेबांना न्यायला आलेले दुभाषे पायरीवर उभे होते. ते खो खो हसले. "कसली सोय नाही गं तुझी? पाण्याची का साबणाची?"

मी तिसऱ्यांदा तेच म्हणाले आणि फाटकाबाहेर पडले. पिलार खिडकीत होती. तिला सगळं समजलं असणार. ती आईला काही बोलली नाही.

घरी आईनं माझी बाजू घेतली नाही. "पाया पड त्यांच्या. काम हाय ते." मी गेले नाही, तेव्हा आठ दिवसांनी तिनं माझ्या धाकट्या बहिणीला तिथं लावलं. कुणाला बोल लावायचा? आपलेच दात, आपलेच ओठ. बहीण चार वर्षं हात पुढे करत राहिली. अजून लग्नाकार्यात कुणाच्या शेजारी बसायच्या आधी ती उठून हात धुऊन येते. मी तिला कितीदा सांगितलं. ती म्हणते, "सवय हाय गं." तिच्यात ते मुरलं. मला ते काढता आलं नाही, आता येणारही नाही.

बाई त्यांच्या देशाला गेल्या. त्या बाजूला इमारती आल्या, आणि त्या इमारतींत बायका आल्या, आपल्या, मराठी बोलणाऱ्या. त्यांच्या तोंडी एस आणि एस्ता नाही, एकच 'आहे'. तू घाण आहेस. म्हावऱ्याची टोपली घेऊन गेले की दार लावून घेतात.

माझं वाक्य बरोबर होतं. ते कुणालाही सुधारू देणार नाही.