तडजोडवाल्या मॅडम

आमच्या दवाखान्यातल्या मॅडमनी कधी कुणाची तडजोड घडवून आणली नाही, तरी भोकरदन-जाफराबादकडं सगळे त्यांना तडजोडवाल्या मॅडमच म्हणायचे. त्यांनाही ते ठाऊक होतं. ‘‘म्हणू द्या की! नाव कोणतं का असंना, दार तर सापडतंय ना?’’ म्हणून खळखळून हसायच्या. परवा त्यांची बदली झाली, तर दवाखान्याच्या आवारात निरोपाला ही गर्दी! आणि ‘तू कशाला गं येत होतीस यांच्याकडं?’ असं एकीनंही दुसरीला विचारलं नाही. ही शिस्त मॅडमचीच.

त्या नावाचं खापर थोडंफार आमच्या घरावर फुटतं. मुलगी झाली आणि मला काय झालं कोण जाणे, लेकराला उचलायचीच भीती बसली. पाजायला कुणीतरी मांडीवर ठेवायचं, पाजून झालं की मी मान फिरवायची. झोप नाही, भूक नाही, रडू मात्र मुबलक. टेंभुर्णीला सासरी कुजबूज सुरू झाली, पोरगी झाली म्हणून हिचं तोंड वाकडं. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, त्या तर सरळ म्हणाल्या, ‘‘हिला माहेरी धाडा. लेकरू मी संभाळते.’’ म्हणजे लेकरू इथं आणि मी केदारखेड्याला! डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, बाळंतपणानंतर असं होतं, हा आजार आहे, समुपदेशनाला न्या.

झालं! आमच्याकडं समुपदेशन म्हणजे नवरा-बायकोचं भांडण ठाण्यात गेल्यावर दोन्हीकडची माणसं बसवून करतात ती तडजोड. दुसरा अर्थ कुणाला माहीत? सासऱ्यांनी धुवट टोपी घातली, माझे वडील चुलत्याला घेऊन आले, आणि जीपभर माणसं सरकारी दवाखान्यात दाखल. खोलीत बघावं तर खुर्च्या दोनच. सासरे दारातूनच म्हणाले, ‘‘मॅडम, आमची तक्रार न्हाई. सूनबाईनं काय ते कबूल करावं, आन् जल्दी निकाल लावून टाका.’’

मॅडम उठल्या, नमस्कार केला. ‘‘बाबा, निकाल लावायला हितं कुणाचा गुन्हा न्हाई. तुम्ही बाहेर च्या घ्या. ताई हो म्हणल्या, तर तुमच्याशीबी बोलंन. त्या न्हाई म्हणल्या तर न्हाई.’’ बाई राजूरजवळच्या खेड्यातली, मास्तरांची लेक. बोली आमचीच, पण अशी ठाम की सगळी वरात मुकाट बाहेर! मला तर तिथंच अर्धं बरं वाटलं.

मग वाटलं, आता उपदेश सुरू. सोन्यासारखी लेक दिली देवानं, वगैरे. ते ऐकून माझे कान किटले होते. मॅडम म्हणाल्या, ‘‘हितलं बोलणं हितंच राहील. फक्त तुमच्या न्हाईतर लेकराच्या जिवाला धोका वाटला तर मी गप बसणार न्हाई, हे आधीच सांगते. बोलावं वाटलं तर बोला, न्हाई तर नुसतं बसा. आज घरी गेल्यावर जरा जास्तच जड वाटंल, घाबरू नका.’’ मी बसले. त्याही बसल्या. काही न शिकवता माझ्याजवळ बसणारं पहिलंच माणूस ते! शेवटी मीच म्हणाले, ‘‘माझ्या हातून पडली तर?’’ ‘छे, कशाला पडतीय’ असं त्या म्हणाल्या नाहीत. ‘‘पडली तर... मंग पुढं काय काय येऊन राह्यलं मनात?’’ एवढंच विचारलं. त्यावर जे बाहेर आलं, ते मी आईलाही सांगितलं नव्हतं.

मी काय करू, याचं उत्तर मात्र त्यांनी कधी दिलं नाही. मी वैतागायची. त्या म्हणायच्या, ‘‘तुमच्या घरात मला थोडंच राह्यचंय?’’ माझ्याकडूनच काढून घ्यायच्या. लेकराला उचलायचं नाही, नुसतं गोधडीवर तिच्याशेजारी आडवं व्हायचं, हे मीच ठरवलं आणि आठवडाभर केलं. मी हो म्हटल्यावर आत्याबाईंनाही त्यांनी आत बोलावलं. जाताना त्या ताठ होत्या, बाहेर आल्या त्या पदरानं डोळे पुसत. माहेरी धाडायचं तूर्त थांबलं.

आणि मध्येच पुन्हा सगळं ढासळलं. त्या दिवशी मी मॅडमवरच भडकले, ‘‘बोलून बोलून काय फरक पडला?’’ त्या अजिबात रागावल्या नाहीत. ‘‘आल्त्या तेव्हा तुमच्यात भडकायचीबी ताकद नव्हती,’’ म्हणाल्या.

मग एकदा मी त्यांना घरातला एक घोटाळा सांगत होते. आत्याबाई शेतात, गॅसवर दूध, आणि लेक पाळण्यात किंचाळली.

‘‘मंग?’’

‘‘मग काय, तिला कडेवर घेतलं, गॅस बंद केला.’’

‘‘आधी काय केलं?’’

मी आठवून पाहिलं. ‘‘आधी लेक.’’

‘‘आन् दूध?’’

‘‘दूध सगळं उतू गेलं, मॅडम. ओटाभर.’’

मॅडमचे डोळे भरले, आणि माझेही. तेव्हा कुठं मला कळलं, मी काय करून बसले होते. अभिमानानं ऊर भरून आला, माझ्या स्वतःच्या!

‘‘आता येऊ नका,’’ त्या म्हणाल्या. ‘‘लागलंच तर मी हाय.’’

बाहेर आत्याबाई लेकीला घेऊन बसल्या होत्या. मी तिला घेतलं. जीपमध्ये चढताना त्यांनी सवयीनं हात पुढं केले.

‘‘राहू द्या, आत्याबाई,’’ मी म्हणाले. ‘‘माझ्याजवळच बसू द्या तिला.’’