काकांच्या कम्प्युटरमधली लग्नं

फोटो कॉपी होत असताना माणसाला काही काम नसतं. ती हिरवी पट्टी इंचाइंचानं सरकते. खाली लिहून येतं, 'अजून चार मिनिटं'. मग 'अजून दोन तास'. मग पुन्हा 'चार मिनिटं'! समोर बसलेल्यानं करायचं काय? बोलायचं. यंदाच्या उन्हाळ्यात पुलगावच्या सुधाकरकाकांच्या फोटो स्टुडिओत आम्ही त्यांच्या जुन्या कम्प्युटरमधले फोटो नव्या कम्प्युटरमध्ये हलवले. पट्टी जेवढी सरकली नसेल तेवढे किस्से जमले.

आम्ही म्हणजे मी आणि प्रफुल. प्रफुल कॉलेजात माझ्या वर्गात होता, आता स्टुडिओला लागून त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. मी खरं तर पासपोर्ट फोटो काढायला गेले होते.

* * *

काका माझा फोटो एडिट करत होते आणि टेबलाखालून आवाज येत होता. टक्... टक्... टक्.

"काका, हे काय वाजतंय?"

"ते होय? दिवाळीपासून बोलते ते."

"काका, ती हार्ड डिस्क आहे! मरायला टेकलीय ती!"

"अशुभ काऊन बोलतं वो पोरी? दसऱ्याले पूजा करतो मी तिची."

पूजा करतात हे खरं होतं. प्रफुलनं येऊन कम्प्युटरचा पत्रा उघडला, तर आतला पंखा लाल-पिवळा! कितीतरी दसऱ्यांचं हळदकुंकू त्यानं आत ओढून घेतलं होतं. चार अक्षतासुद्धा निघाल्या.

मी विचारलं, "सगळ्या लग्नांचे फोटो यातच? बॅकअप नाही?"

काकांना राग आला. "मले काय येडा समजून राह्यली का? सगळं दोनदा ठेवलं आहे. एक सी ड्राइव्हमध्ये, एक डी ड्राइव्हमध्ये!"

"काका, दोन्ही एकाच डिस्कवर आहेत! एकाच घराच्या दोन खोल्या. घराला आग लागली तर?"

काकांनी नीट विचार केला.

"पण दारं येगयेगळी आहेत ना!"

* * *

मी तिथल्या तिथे ठरवलं, हे फोटो वाचलेच पाहिजेत. डिजिटल कॅमेरा आला तेव्हापासूनची या भागातली लग्नं, बारशी, साक्षगंध म्हणजे साखरपुडे, शाळेचे निरोप समारंभ, सगळं त्या पत्र्याच्या डब्यात. एवढ्या माणसांचे चेहरे एका टकटकणाऱ्या डिस्कच्या भरवशावर! आपल्याकडे पुतळ्यांभोवती कठडे बांधतात, आणि जिवंत माणसांचे फोटो असे धुळीत. मी हे सगळं काकांना ऐकवलं. काका म्हणाले, "बरोबर आहे, पण आधी मान सरळ कर. फोटो वाकडा आला तुहा."

तेवढ्यात शोभाकाकू आल्या. त्या शेजारच्या नाचणगावच्या. त्यांचे यजमान, रामदासभाऊ, लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. दोन वर्षांमागे झोपेतच गेले. आता वैशाखात त्यांच्या मुलीचं लग्न होतं आणि मांडवात बापाचा फोटो ठेवायचा होता. मोबाइल बिघडला तेव्हा घरातले सगळे फोटो गेले. उरला होता फक्त आधार कार्डावरचा.

"पाहा ना भाऊ," त्यांनी कार्ड पुढे केलं. "पोलिसानं पकडल्यावानी दिसून राह्यले. हा मांडवात ठेवू का मी?"

काका म्हणाले, "चिंता करू नका वो वहिनी. रामदासभाऊ तर माह्या सगळ्या लग्नांत आहे."

"थेच सांगाले आली. वाजवताना गाल फुगवलेला नको. माणसावानी दिसणारा एक द्या."

त्या गेल्यावर मी विचारलं, "काका, रामदासभाऊ कोणत्या फोल्डरमध्ये आहेत?"

काका म्हणाले, "बँड असलेल्या."

"आणि बँड कोणत्या लग्नात होता?"

"बँडबिगर लग्न होते काय?"

म्हणजे एका माणसासाठी अख्खा डबा रिकामा करायचा होता. आणि डबा टकटक करत होता.

* * *

फोल्डरची नावं बघून मी थक्क झाले. जगात सगळे फोटोग्राफर नवरा-नवरीचं नाव घालतात. काका लग्नात जे घडलं ते घालतात! 'लाइट गेली'. 'नवरदेव रुसला'. 'जिलबी संपली'. 'पांढरी साडी, लय ऊन'. 'मामा पडला'. 'डेपोवाले साहेब, सारखे घड्याळ पाहते'.

"नावं कोणाले आठवतात?" काका म्हणाले. "मामा पडलेला सगळ्याले आठवते."

एक दिवस सेलूहून एक जोडपं आलं. कॉपी चालू आहे हे कुणाकडून तरी कळलं होतं, त्यांना आपला अल्बम परत हवा होता. काकांनी दोघांकडे निरखून पाहिलं आणि मला सांगितलं, "पोरी, 'भांडण दोन' उघड."

बाई फणकारल्या. "आमच्या लग्नाचं नाव भांडण? अन् दोन काऊन? एक कोणाचं?"

काका शांतपणे म्हणाले, "तुमच्याच साक्षगंधाचं."

* * *

चैत्रातलं ऊन. डिस्क वीसेक मिनिटं चालायची आणि तापून गप्प व्हायची. स्क्रीनवरून सगळी लग्नं एकदम नाहीशी! हे पहिल्यांदाच झालं. मी वायर काढ-घाल करू लागले. प्रफुलनं माझा हात धरला.

"थांब ना मॅडम. थकली ते. तू जिना चढल्यावर धापा टाकत नाही काय?"

त्यानं डिस्क डब्यातून बाहेर काढून कूलरसमोर स्टुलावर ठेवली. मी ओरडले, "ओलसर हवा लागेल तिला!" मग कूलर बंद करून टेबलफॅन लावला. बाहेर एवढं ऊन आणि आम्ही तिघं घामाघूम, वारा डिस्कला! दुकानात आलेल्या एका आजोबांनी बराच वेळ पाहून विचारलं, "काय आहे गा ते? पिल्लू आहे काय?"

"नाई आबाजी," प्रफुल म्हणाला, "सारं पुलगाव आहे."

आजोबा पुढे आले, वाकून पाहिलं, आणि हातातल्या वर्तमानपत्रानं तेही वारा घालू लागले!

* * *

नव्या कम्प्युटरमध्ये फोटो तारखेप्रमाणे लागतात. मला वाटलं, आता वर्षांमागून वर्षं ओळीनं दिसतील. उघडून बघते तर शेकडो लग्नं, सगळी एक जानेवारीची!

काकांचा जुना कॅमेरा सेल काढले की तारीख विसरायचा आणि एक जानेवारीवर जाऊन बसायचा. काका प्रत्येक लग्नाआधी नवे सेल घालत. तारीख त्यांनी कधीच लावली नाही. "मी काय तारीख पाहाले जातो लग्नात?"

मग आम्ही ते तसंच वरून खाली सरकवत पाहिलं. हळद लागतेय, नवरी रडतेय, वरात निघालीय, कुणाचं बारसं, कुणाचा पाचवा वाढदिवस, लगेच त्याच मुलाचा दहावीच्या फॉर्मसाठीचा फोटो. एका दिवसात एवढं! एखाद्या गावात खरंच एक दिवस असा आला तर कसा दिसेल, ते मी पाहत होते.

प्रफुल म्हणाला, "काका, त्या दिवशी लय धावपळ झाली असन तुमची."

* * *

चेहरे ओळखून वेगळे लावणारा एक प्रोग्राम असतो. मी तो नव्या कम्प्युटरवर टाकला. रामदासभाऊ शोधायला दुसरा मार्गच नव्हता. प्रोग्रामनं आधी गंमत केली. एक आजी आणि तिची नात, दोघींना एकच माणूस समजला. काकांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "चूक नाई त्याची. मी पण फसलो होतो."

मग मला सहज सुचलं. काकांचा पासपोर्ट फोटो दिला आणि म्हटलं, शोध यांना.

एवढ्या वर्षांच्या हजारो फोटोंत काका सापडले दोनदा. दोन्ही वेळा नवरीच्या मेकअपच्या आरशात, मागे उभे, कॅमेरा खाली घेतलेला, चेहरा अर्धा. बस्स. या भागातला प्रत्येक चेहरा या माणसानं जपला, आणि स्वतः आरशाच्या कडेला तेवढा उरला!

काका मात्र स्क्रीनजवळ सरकले.

"बरा दिसतो की मी. कोणी काढले हे?"

* * *

शेवटचे थोडे फोल्डर राहिले होते आणि डिस्क गेली. टकटक थांबली. आम्ही थंड होऊ दिली, वायर बदलली, दुसऱ्या दिवशी पुन्हा लावली. काही नाही. काकांनी तिच्यावर हात ठेवला.

"गेली?"

"गेली."

"पंखा बंद कर मग," ते म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "बाकी सगळ्याईले बाहेर काढून गेली, नाई?"

आम्ही जेवढे फोटो वाचले होते ते लगेच आणखी दोन ठिकाणी ठेवले. एक प्रत माझ्या घरी, एक प्रफुलच्या. आता दारंही वेगळी आणि घरंही!

* * *

पण रामदासभाऊंचं काय? प्रोग्रामनं त्यांचा भला मोठा ढीग लावून दिला होता. ढिगातल्या प्रत्येक फोटोत गाल फुगलेले, डोळे मिटलेले, ट्रम्पेट आभाळाकडे.

"मी बँडचा फोटो बँड वाजतानाच काढतो," काका खजील होऊन म्हणाले. शोभाकाकू दोनदा विचारून गेल्या होत्या. पत्रिका छापून आल्या होत्या.

आणि एका दुपारी त्या प्रोग्रामनं स्वतःहून दोन चेहरे शेजारी आणून ठेवले आणि विचारलं, 'ही एकच व्यक्ती आहे का?' डावीकडे फुगलेल्या गालांचे रामदासभाऊ. उजवीकडे एक सडपातळ, हसऱ्या डोळ्यांचा माणूस. इतके दिवस त्यानं यांना दोन वेगळी माणसं समजून दोन ढीग लावले होते!

"अरे, हाच तर आहे गा!" काका खुर्चीतून उठलेच.

आम्ही दुसरा ढीग उघडला आणि पुन्हा खाली बसलो. बँड थांबल्यावर हा माणूस फक्त एकाच जागी काकांच्या कॅमेऱ्यात आला होता. पंगतीत. प्रत्येक फोटोत जेवताना! कुठे तोंडात पुरी, कुठे वरणभाताचा घास अर्ध्या वाटेवर, कुठे वाढप्यापुढे ताट धरलेलं. मांडवात ठेवण्यासारखा एकही नव्हता. तरी दाखवणं भाग होतं.

शोभाकाकू मुलीला, पूजाला, घेऊन आल्या. मी एकेक फोटो पुढे नेत गेले.

"हे कुठचं?" काकूंनी विचारलं.

"सेलूचं लग्न," काका म्हणाले.

"अन् हे?"

"देवळीचं."

"अन् हे?"

"नाचणगावचंच. तुमच्या घराच्या मागच्या गल्लीतलं."

मी घाईघाईनं म्हणाले, "काकू, मी अजून शोधते. जेवताना नसलेला एखादा सापडेल."

"थांब वो." त्यांची नजर स्क्रीनवरून हलत नव्हती. "लग्न वाजवून घरी आले की हा माणूस मले म्हणे, तिथं कोणी पाणी बी इचारलं नाई, लवकर वाढ. मी बिनजेवता वाट पाहत बसलेली राहो. मंग माह्या समोर बसून तीन तीन पोळ्या खाये!"

प्रफुलला हसू आवरेना, त्यानं तोंड फिरवलं. पूजानं आईचा हात धरला.

"आई, मग फ्रेमले कोणता करायचा?"

काकूंनी पुढे होऊन स्क्रीनवर बोट टेकवलं. द्रोण हातात, जिलबी तोंडात, बाजूच्या माणसाकडे बघून हसणारे रामदासभाऊ.

"हा."

"वो आई, तोंडात घास आहे त्याईच्या!"

"राहू दे. मांडवात कोणी इचारलं, नवरीचा बाप कुठं आहे, तर सांगजो, जेवून राह्यले."