आग्नेय कोपऱ्यातला कप्तान

लॉकडाऊनमध्ये आमचं सगळं टूनगॅबी उपनगर केक भाजत होतं, तेव्हा मी ऑनलाइन मिळणारा सगळ्यात स्वस्त मेटल डिटेक्टर मागवला. दांडा वाकडा, हेडफोन एकाच कानापुरता. पण पहिल्यांदा ‘टींऽऽ’ वाजला तेव्हा दूरच्या वॉलॉंगॉंग बंदरातल्या गलबतांनी भोंगा समजून नांगर उचलले म्हणतात.

लांब जायला बंदी, म्हणून मोहीम परसातच. तीन आठवड्यांत बिअरच्या बाटल्यांची झाकणं एवढी निघाली की आधीचा मालक बिअरनेच झाडांना पाणी घालत असावा. मिरचीची चार रोपं मुळासकट वर आली, तेव्हा बायकोने निकाल दिला, "लॉकडाऊन उठायच्या आत एक तरी जुनं नाणं दाखव. नाहीतर हे खेळणं कौन्सिलच्या कचऱ्यात."

दोन दिवस उरले असताना लिंबाखाली यंत्राने टाहो फोडला. हातभर खणलं, तर तांब्याची डबी! आत काळे पडलेले तांदूळ, भोकाचा तांब्याचा पैसा आणि चांदीच्या पत्र्यावर कोरलेला पालथा माणूस.

मी नाचतच स्वयंपाकघरात गेलो. "भारतातून आलेलं जहाज फुटलं असणार! हा खलाशांचा शिधा, आणि हा बुडालेला कप्तान!"

"समुद्र कुठे, टूनगॅबी कुठे?"

"तेव्हा समुद्र इथपर्यंत होता!"

तिने पत्रा उलटसुलट केला. "लिंबाखाली सापडला? आग्नेयेला?"

"हो!"

"अरे गाढवा, तो आपला वास्तुपुरुष आहे!"

वास्तुशांतीला घरात सगळीकडे काँक्रीट, म्हणून गुरुजींनी तो परसात पुरला होता. पैसा सासूबाईंनी घातलेला. मी तेव्हा ऑफिसच्या कॉलवर होतो.

वेस्टमीडचे गुरुजी, सोम ते शुक्र सॉफ्टवेअरवाले, व्हिडिओवर आले आणि हसून हसून खुर्चीतून दिसेनासे झाले. वर आल्यावर म्हणाले, "नो वरीज, मी मंत्र म्हणतो, तुम्ही पुरा. पालथाच हं!"

"गुरुजी, पण पैसा जुना की नाही?" मी हळूच विचारलं.

"आजोबांच्या काळातला! का?"

मी बायकोकडे बघितलं. ती हसू दाबत होती, पण ओठांनी फितुरी केली.

यंत्र राहिलं. अजूनही लिंबाजवळून गेलो की ते ‘टींऽऽ’ करतं, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज येतो, "झोपू दे रे कप्तानाला!"